कला माणसं जोडते, पण कधी?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आपल्या सोसायटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, कार्यकारिणीचे सर्व सदस्य, तिन्ही विंगमधले माझे शेजारी, भाड्याने राहणारी कुटुंबं, आपले वॉचमन आणि सफाई कर्मचारी, आणि पुढे सतरंजीवर बसून 'हे काका कधी संपवणार' अशा नजरेनं माझ्याकडे बघणारी बच्चेकंपनी,

सांस्कृतिक समितीनं मला वीस मिनिटं दिली आहेत. मागे जेवणाची भांडी वाजायला लागली की मी आवरतं घेईन, काळजी नसावी. मी काही कलेचा अभ्यासक नाही. सुट्टीत आपल्या मुलांची नाटकं बसवणारा तुमचा शेजारी, एवढीच माझी ओळख आणि तेवढाच माझा अधिकार.

'कला माणसं जोडते' हे वाक्य आपण प्रत्येक गॅदरिंगला ऐकतो. टाळ्या वाजवतो आणि आपापल्या लिफ्टनं वर जातो. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. कलेनं माणसं तोडलीसुद्धा आहेत, आणि त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत मोठी हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्याआधी पुण्यामुंबईत मोहरमच्या ताबुतांत हिंदू मंडळीही हौसेनं सामील होत असत. त्याच सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आलं, मेळे निघू लागले. त्या मेळ्यांनी लोकांना देशाबद्दल बोलायला शिकवलं, स्वदेशीचा प्रचार केला, हे त्यांचं मोठं काम. पण त्यातल्याच काही पदांतून 'आता ताबुतांत जाऊ नका' असंही सांगितलं गेलं. पुढे १९२०च्या दशकात पुण्यात ब्राह्मणेतरांचा छत्रपती मेळा आणि दुसऱ्या बाजूचा सन्मित्र समाज मेळा समोरासमोर आले, आणि गाण्यांतून एकमेकांवर तुटून पडले. गाणारे गळे चांगले, ऐकणारी गर्दी मोठी. जोडलं मात्र कुणीच गेलं नाही.

म्हणजे नुसतं गाणं, नुसतं नाटक पुरत नाही. मग ते कधी जोडतं? मला जे समजलं ते तीन-चार उदाहरणांतून सांगतो.

पहिलं उदाहरण दादरचं, साल १९२६. तिथे सार्वजनिक गणेशोत्सव व्हायचा. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आयोजकांना एक साधा प्रश्न विचारला. उत्सव सार्वजनिक म्हणवता ना? मग अस्पृश्य मानलेल्या हिंदूला मूर्तीची पूजा का करता येत नाही? बरीच वादावादी झाली. शेवटी तडजोड अशी निघाली, की एका दलित कार्यकर्त्यानं फुलं पुजाऱ्याच्या हातात द्यायची आणि पुजाऱ्यानं ती गणपतीला वाहायची. तेवढंसुद्धा अनेकांना पचलं नाही. पुढे तो गणेशोत्सव बंद पडला आणि प्रबोधनकारांच्या पुढाकारानं दादरला सर्वांना सामावून घेणारा सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला.

यातून मी एक गोष्ट उचलली. उत्सव कुणाचा हे वर्गणीच्या पावतीवरून कळत नाही. आरतीचं ताट कुणाच्या हातात, माईक कुणाच्या हातात, आणि खुर्च्या कोण उचलतंय, यावरून कळतं.

दुसरं उदाहरण साने गुरुजींचं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी १ मे १९४७ला उपोषण सुरू केलं आणि १० मेला ते सुटलं, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. त्याआधीचे महिने मात्र आपण विसरतो. त्या काळात गुरुजी महाराष्ट्रभर हिंडत होते आणि त्यांच्याबरोबर राष्ट्र सेवा दलाचं कलापथक होतं. गावोगाव गाणी व्हायची, पोवाडे व्हायचे, मग गुरुजी बोलायचे. दौऱ्यात कितीतरी गावांनी आपली देवळं आणि पाणवठे खुले केले. पंढरपूरचा दरवाजा उघडण्याआधी शेकडो लहान दरवाजे उघडले गेले होते.

सेवा दलाचं कलापथक पुढे खूप वाढलं. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी ते घडवलं. पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य त्याच पथकासाठी लिहिलं. याच परंपरेतून निळू फुले आले, राम नगरकर आले. एक माळीकाम करून पोट भरणारा, दुसरा केस कापण्याचा घरचा धंदा करणारा. दोघांना कुणी विचारलं नाही की तुमच्या घरात नाटक होतं का. विचारलं एवढंच, की उद्या तालमीला येणार का?

तिसरं उदाहरण लालबावटा कलापथकाचं. १९४४ साली ते उभं राहिलं. वाटेगावच्या मातंग कुटुंबातले अण्णाभाऊ साठे, बार्शीच्या मुसलमान घरातले अमर शेख आणि दत्ता गवाणकर हे तीन शाहीर त्याचे आधारस्तंभ. गिरणगावातल्या चाळींत, मैदानांत, मिलच्या गेटवर ते गायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज घराघरात पोहोचला. आज महाराष्ट्र दिनाला आपण झेंडावंदन करतो, त्या महाराष्ट्रासाठी गायलेला सर्वात बुलंद आवाज अमर शेखांचा होता, हे मुलांना जरूर सांगा. या तिघांनी एकतेवर व्याख्यान दिलं नाही. तिघे एका मंचावर उभे राहिले आणि एकानं उचललेली ओळ दुसऱ्यानं झेलली. समोरच्या कामगाराला त्यातून जे समजायचं ते समजलं.

चौथं उदाहरण धारावीचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ची मुंबई इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवते. ते दिवस मी उगाळत नाही. धारावीत त्यानंतर शांततेसाठी काम करणाऱ्यांत दोन माणसं होती, भाऊ कोरडे आणि वकार खान. वकारभाईंचा तयार कपड्यांचा व्यवसाय. त्यांनी काय केलं, तर चार लहान मुलांना हिंदू, मुस्लिम, शीख आणि ख्रिश्चन पोशाख घालून फोटो काढला आणि 'हम सब एक हैं' असं पोस्टर छापलं. कुणी म्हणेल, यात कसली कला? पण ज्या भिंतींवर भडकवणारा मजकूर लिहिला जात होता, त्याच शहरातल्या भिंतींवर हे पोस्टर लागलं. पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या दोन प्राध्यापकांनी या दोघांच्या कामावर 'नाता' नावाचा माहितीपट केला. तो पाहताना पोस्टरपेक्षा मला त्या दोघांची मैत्रीच जास्त बोलकी वाटते. पोस्टर एका दिवसात छापून होतं. ते करायला जी दोन माणसं एकत्र यावी लागतात, ती तयार व्हायला वेळ लागतो.

आणि शेवटचं उदाहरण आपल्या ठाण्यातलं. 'अलबत्या गलबत्या' आपण सगळ्यांनी मुलांना दाखवलं आहे. ते लिहिणारे रत्नाकर मतकरी अखेरच्या वर्षांत काय करत होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१४ साली त्यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना ठाण्यात सुरू केली. ठाण्याच्या वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या आयुष्यातला विषय निवडायची, स्वतः संवाद रचायची आणि स्वतः सादर करायची. भारी नेपथ्य नको, महागडे कपडे नकोत. त्या नाटिकांमध्ये शाळा सुटलेली मुलं होती, पाण्यावरून होणारी भांडणं होती, घरातलं दारूचं व्यसन होतं. मतकरी मे २०२०मध्ये कोविडनं गेले. नाट्यक्षेत्रात सगळं काही मिळवलेला माणूस वयाच्या पंचाहत्तरीनंतर वस्तीतल्या मुलांना म्हणत होता, तुमची गोष्ट तुम्ही सांगा, मी ऐकतो. 'त्यांच्यासाठी' नाटक करणं सोपं असतं. त्यांच्या हातात नाटक देऊन आपण प्रेक्षकांत बसणं अवघड.

ही सगळी उदाहरणं एकत्र ठेवली की माझ्या लक्षात येतं ते असं. माणसं प्रयोगाच्या दिवशी जोडली जात नाहीत. ती तालमीत जोडली जातात. प्रयोग एक तासाचा, तालीम तीस संध्याकाळींची.

तालमीत होतं काय? एक म्हणजे समोरच्याचं वाक्य संपल्याशिवाय आपलं वाक्य येत नाही. त्यामुळे ऐकावंच लागतं. (आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ही शिस्त आली, तर सभा नऊऐवजी साडेसातला संपेल!) दुसरं म्हणजे, एखादा विसरला तर त्याला हळूच शब्द पुरवावा लागतो, कारण तो पडला तर आपणही पडणार असतो. तिसरं, आपण जे नाही ते व्हावं लागतं. घरमालकाच्या मुलाला भाडेकरू व्हावं लागतं. आणि चौथं, चहा. तालमीनंतरचा चहा कुणाच्या तरी घरून येतो, आणि कपबश्या परत द्यायला कुणीतरी त्या घरी जातं.

आता आपल्या घरात येतो.

आपली इमारत उभी राहिली त्या जागी आधी बैठी चाळ होती. चाळीतल्या कुटुंबांना सी विंगमध्ये घरं मिळाली, ए आणि बी विंगमधली घरं विकली गेली. सोसायटीची नोंदणी एक, पाण्याची टाकी एक, शेअर सर्टिफिकेटवरचं नाव एक. तरीही पंचवीस वर्षांनंतर 'चाळवाले' आणि 'फ्लॅटवाले' हे शब्द आपल्या जिन्यांत ऐकू येतात. ते शब्द आता मुलांच्या तोंडीही आले आहेत. ज्यांनी चाळ पाहिलीसुद्धा नाही अशा मुलांच्या!

संकटात आपण एक होतो, यात शंका नाही. २६ जुलै २००५ला तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा कोण कुठल्या विंगचं हे कुणी विचारलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये सी विंगच्या पोरांनी ए विंगमधल्या आजी-आजोबांची औषधं आणून दिली होती. पण पाणी ओसरलं, लॉकडाऊन उठला, आणि आपणही आपापल्या दाराआड गेलो. एकत्र येण्यासाठी दर वेळी संकटाची वाट बघायची का?

२०१७च्या मे महिन्यात आपण मुलांचं नाटक बसवलं होतं. ए विंगच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू होतं, म्हणून तालीम सी विंगच्या गच्चीवर झाली. त्या निमित्तानं ए विंगमधले काही पालक सतरा वर्षांत पहिल्यांदा सी विंगच्या लिफ्टमध्ये चढले. ती लिफ्ट किती वेळा बंद पडते हेही त्यांना तेव्हाच कळलं, आणि पुढच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय मांडला तो ए विंगनं. बी विंगमधल्या गुजराती बाने राजाचा फेटा बांधून दिला. सी विंगमधल्या ताईंनी बारा मुलांचे कपडे शिवले, मजुरी घ्यायला ठाम नकार दिला, आणि तीन नवी गिऱ्हाइकं मात्र मिळवली.

त्या नाटकात भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा होता. घरी भोजपुरी बोलणारा. 'ळ' म्हणता येईना, 'केळं' म्हणताना 'केला' व्हायचं. आपली मुलं आधी हसली, मग चिडवायला लागली, मग नाटकच अडतंय म्हटल्यावर शिकवायला बसली. नाटकाला पंधरा दिवस उरले असताना त्याच्या वडिलांचा अकरा महिन्यांचा करार संपला आणि कुटुंब दोन स्टॉप पलीकडे राहायला गेलं. मला वाटलं, दुसरा मुलगा शोधावा लागणार. तर आपलीच मुलं आली आणि म्हणाली, काका, तो बसनं येईल, तिकिटाचे पैसे आम्ही काढलेत. तो शेवटपर्यंत आला. प्रयोगात त्याच्या 'केळेवाल्या'ला सगळ्यात मोठी टाळी मिळाली, आणि ती 'ळ'ला होती.

नंतर दोन वर्षं नाटक झालं. मग कोविड आला, तालीम बंद पडली ती पडलीच. आणि गेली तीन वर्षं आपल्या एका आवारात गणपतीचे दोन मंडप पडतात. नाटक थांबलं म्हणून मंडप दोन झाले असा दावा मी करणार नाही. पार्किंगचा वाद होता, हिशेबाचा वाद होता. पण वाद पेटला तेव्हा एकमेकांच्या घरी जाऊन, सोफ्यावर बसून बोलू शकतील अशी माणसं कमी उरली होती, एवढं नक्की. कोण बरोबर आणि कोण चूक यात मी शिरत नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभा आहे आणि तिथे आपण कुणीच कमी पडत नाही!

पण एक वाक्य मला सांगितलंच पाहिजे. सी विंगमधली एक मुलगी, सातवीतली, मला गेल्या वर्षी म्हणाली, "काका, आमचा डान्स नेहमी शेवटी असतो. तेव्हा सगळे जेवायला गेलेले असतात." मी जुन्या कार्यक्रमपत्रिका काढून पाहिल्या. ती खरं बोलत होती. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. यादी करणारा आपल्या ओळखीच्या मुलांची नावं आधी लिहितो, झालं. दादरच्या त्या फुलांची गोष्ट मी आज का सांगितली, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षासाठी माझे चार प्रस्ताव आहेत. खर्च फारसा नाही आणि सिंकिंग फंडाला हात लावायची गरज नाही.

एक. या वर्षी सोसायटीचं एकच नाटक, मुलांचं आणि मोठ्यांचं मिळून. भूमिका चिठ्ठ्या टाकून. ज्याला नाव आलं त्यानं ते काम करायचं. अध्यक्षांना वॉचमनची भूमिका आली तर अध्यक्षांनी शिट्टी घेऊन उभं राहायचं.

दोन. तालीम फिरती. एक आठवडा ए विंग, एक आठवडा बी, एक आठवडा सी. पाऊस असेल तर ज्याचा हॉल मोठा त्याच्याकडे नाही, ज्याची पाळी त्याच्याकडे. दाटीवाटीनं बसू.

तीन. उपविधींनुसार भाडेकरूला सभेत मत नाही, ते मला मान्य आहे. पण मंचावर यायला शेअर सर्टिफिकेट लागत नाही. भाडेकरूंची, वॉचमनची आणि आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंची मुलं यात असतील. विषयसुद्धा मुलंच ठरवतील. तो आपल्याला टोचला तर टोचू दे.

चार. सांस्कृतिक समितीत प्रत्येक विंगचा एक आणि भाडेकरूंचा एक प्रतिनिधी असावा, आणि कार्यक्रमाचा क्रमही चिठ्ठ्या टाकूनच ठरावा. हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे, अनुमोदक हवा आहे. कारण नुसत्या गाण्यानं दार उघडत नाही. साने गुरुजींच्या कलापथकानं मनं तयार केली, पण शेवटी कुणालातरी कडी काढावी लागली. आपल्या कडीला ठराव म्हणतात.

एका मंडपाबद्दल मी आज आग्रह धरत नाही. तो आधी धरला तर पुन्हा वाद होईल. तीस संध्याकाळी एकत्र काढू, एकमेकांच्या कपबश्या परत करू, मग मंडपाचं बोलू. नाटकानं पार्किंगची जागा वाढणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्याच्याबरोबर आपण काल एका प्रवेशात उभे होतो, त्याच्या गाडीची हवा काढायला हात जरा कचरतो, एवढी खात्री मी देऊ शकतो.

नाव नोंदवायची वही गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. तिच्यात नाव आणि मोबाइल नंबर एवढेच दोन रकाने आहेत. विंगचा रकाना नाही. आज जेवण झालं की घरी जाताना तिथे दोन मिनिटं थांबा.

भांडी वाजू लागली आहेत. आजच्या कार्यक्रमात अजून तीन नाच बाकी आहेत आणि ते कुठल्या विंगचे हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा माझी एवढीच विनंती, की ते तीन नाच आपण सगळ्यांनी बसून पाहावेत आणि मगच पंगतीला उठावं. पुऱ्या पुन्हा तळता येतील, आचाऱ्यांशी मी बोललो आहे.